चौथी बाजू

दुपट्यावर पडलं ते आधी तिला केस वाटला. काळा, लांबट, टोकाला जरा वळलेला. सुमेधानं तो उचलायला ओल्या बोटांची चिमूट केली, तर चिमटीत काहीच आलं नाही. नुकत्याच पिळून टाकलेल्या पांढऱ्या दुपट्यावर नुसती काळी रेघ उठली. मग दुसरा पडला, गॅलरीच्या कठड्यावर. याला तिनं हात लावला नाही. गवताची काडी होती ती. जळून पार कोळसा झालेली, पण काडीच. पेरं जागच्या जागी, तुरा तसाच, तुऱ्यातलं एकेक कुसळ मोजून घ्यावं इतकं शाबूत. तिनं मान वर केली. बेलापूरच्या या शेवटच्या इमारतीमागे डोंगर जिथे सुरू होतो तिथून थेट वरपर्यंत गवत उभं होतं, फाल्गुनातलं, पिकलेलं, वाऱ्यानं वाजणारं. धूर कुठंच नव्हता. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला कुणी काही पेटवलं असेल, आणि वाऱ्यानं एवढ्या लांबून आणून ते नेमकं बंडूच्या दुपट्यावर टाकलं. एवढंच. दुपटं पुन्हा खळबळून टाकायचं, नळाचं पाणी जायच्या आत. पण ती तशीच उभी राहिली. नाकात वास शिरला होता, आणि वास काही काडीसारखा हात लावला की मोडत नाही. आणि आत पाळण्यात बंडू झोपलेला असताना, जरासुद्धा रडलेला नसताना, तिच्या ब्लाउजला ओल फुटली.

सात महिन्यांच्या बंडूनं तिला पुष्कळ काही शिकवलं होतं, त्यातलं एक हे, की अंग आपल्याला न विचारता आपली कामं करत असतं. गेला महिनाभर हे असंच चाललं होतं. दिवेलागणीच्या जरा आधी ती त्याला घेऊन मागच्या गॅलरीत पाट टाकून बसायची. पुढची गॅलरी रस्त्यावर. तिथे समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका केस विंचरत उभ्या. मागे नुसता डोंगर. खाली, गवताच्या कडेनं, पावसाळ्यात वाहणारा आणि आता नुसता ओलसर उरलेला नाला होता, आणि नाल्यापासून वीसेक पावलांवर बांधकामाच्या वेळचे तीन मोठे सिमेंटचे पाइप पडलेले होते, माणूस वाकून आत शिरेल एवढाले. त्यातल्या मधल्या पाइपाच्या तोंडाशी एकदा काहीतरी तांबूस हललं. पहिल्या दिवशी तिला कुत्रं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं नाक वर करून वारा घेतला, आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, ‘कोल्हीण.’ आठवड्यानं पिल्लं बाहेर आली. चार. मातकट रंगाची, आपल्याच पायांत अडकून पडणारी. कोल्हीण आडवी व्हायची आणि चौघं तिच्यावर तुटून पडायची, आणि ही इकडे पहिल्या मजल्यावर बंडूला छातीशी धरून बघत राहायची. तिचं दूध उतरायचं ते कुणासाठी, असा एक वेडा विचार तिच्या मनात येऊन जायचा. हसूही यायचं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, जयप्रकाशलासुद्धा नाही. त्याला सांगितलं असतं तर तो घाबरला नसता, रागावलाही नसता. तो फक्त म्हणाला असता, ‘सोसायटीच्या रेगेसाहेबांच्या कानावर घालायला हवं.’

जयप्रकाश पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला रंगाच्या रसायनाचा एक आंबट वास असायचा आणि तो आधी अंघोळ करायचा, मगच बंडूला घ्यायचा. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं नीट हवं असायचं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायची वेळ आली तेव्हा ‘सुमेधा’ हे नाव त्यानंच ठरवून आणलं होतं. तोवर ती सखू होती. सोसायटीत कुणी विचारलं, वहिनींचं माहेर कुठलं, तर तो सांगायचा, ‘पुण्याचं.’ जिल्हा पुणेच होता, तेव्हा खोटं म्हणता येत नव्हतं. पुण्याहून एसटीनं अडीच तास, मग खिंडीपर्यंत बैलगाडीची वाट, आणि मग दोन तास पायांनी, एवढं सगळं तो त्या एका शब्दात घालायचा. तिनंही कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करणं म्हणजे बोलणं आलं, आणि न बोलता बसून राहण्याची तिला लहानपणापासून सवय होती. किंबहुना, न बोलता बसून राहायला आपण एकदा चुकलो होतो म्हणूनच आता एवढं बसून राहतो, असं तिला कधी कधी वाटे; पण तो विचार ती पुढे जाऊ देत नसे. दुपटं खळबळून पुन्हा वाळत घालून ती वळली तेव्हा दाराखालून एक कागद आत सरकलेला होता.

सोसायटीची नोटीस. सेक्रेटरी नंदकिशोर रेगे बँकेत होते, त्यांचं अक्षर मोत्यांसारखं. इमारतीमागील वाळलेल्या गवतामुळे साप, कोल्हे इत्यादींचा उपद्रव संभवतो. तसेच होळीत पोरांनी आग लावल्यास धोका. सबब येत्या रविवारी सायंकाळी चार वाजता सदर गवत चारी बाजूंनी पेटवून साफ करण्यात येईल. सभासदांनी खिडक्या बंद ठेवाव्यात व कपडे आत घ्यावेत. तिनं ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना तिचा डोळा एकाच ठिकाणी अडकला. चारी बाजूंनी. बंडू जागा झाला, त्यानं पाळण्यातून पाय वर काढले, ती त्याला घेऊन बसली, त्यानं पदर ओढला, आणि ती मात्र तिथे नव्हतीच.

दांडवाडीत चारी बाजूंनी कुणी काही पेटवत नसे. घाटमाथ्यावरचं तीस उंबऱ्यांचं गाव, घरं गवतानं शाकारलेली, भिंती कुडाच्या. वणवा कुठून तरी यायचाच. कधी खालच्या कोकणातून कडा चढून, कधी वरच्या सड्यावरून, माथ्यावरच्या उघड्या पठारावरून. म्हणून तो यायच्या आत, शिमग्याच्या आधी एक दिवस ठरवून गाव आपणच आपल्या भोवतालचं गवत जाळून काढायचं. आदल्या दिवशी कडेचा पट्टा झाडून साफ करायचा. मग सकाळी, वारा सड्यावरून खाली उतरत असतो तेव्हा, वरच्या अंगानं काडी लावायची. मग दोन्ही कडांनी खाली यायचं. पुरुष हातात हिरव्या डहाळ्या घेऊन उभे. आणि ओढ्याकडची बाजू तशीच ठेवायची. तिकडे कुणी काडी ओढायची नाही. गवतात जे काही असेल, घोरपड, ससा, डुक्कर, लावा, त्याला जायला वाट. त्या वाटेवर एकाला बसवत. बहुतेक एखादी पोरगी, कारण पोरी गप्प बसतात अशी गावाची समजूत. काम एवढंच की तिकडे कुणी चुकून माणूस जाऊ द्यायचा नाही, कुत्रं येऊ द्यायचं नाही, आणि आपण आवाज करायचा नाही. ‘कडंला बसायचं,’ आबांनी, तिच्या वडिलांनी, सांगितलं होतं, ‘वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जे यील ते जाऊ द्यायचं. न्हेमी येतंय ते भिऊन येतंय, सखू. आपल्यावर न्हाई येत.’ ती आठ वर्षांची होती. तिला त्या कामाचा इतका अभिमान वाटला होता की आदल्या दिवशी तिनं केसांना तेल लावून घेतलं होतं.

पण ऊन होतं. हेच तिला कुणाला कधी सांगता आलं नाही, की कारण एवढंसंच होतं. कडेला नुसते तापलेले दगड होते आणि वाटेच्या बरोबर मधोमध एक ऐनाचं झाड, त्याची टोपल्याएवढी सावली. आधी ती कडेलाच बसली. मग पाय भाजले तशी जरा सरकली. मग आणखी जरा. वरून तडतड ऐकू येत होती, भाताच्या लाह्या फुटाव्यात तशी, आणि धूर अजून लांब होता. आधी पाली आल्या, उंदीर आले, एक मुंगूस तिच्या पायाला जवळजवळ घासून गेलं आणि तिला हसू आलं. मग सगळं थांबलं. आणि मग गवत मधोमध फाटलं आणि समोर भेकर होतं. दहा हातांवर. भेकर म्हणजे शेळीएवढं जनावर, त्याला काय भ्यायचं. पण त्याचे डोळे एवढे मोठे होते आणि ते थेट तिच्यावर आलं, कारण ती बसली होती तिथूनच तर त्याला जायचं होतं. ती उभी राहिली. हातातली डहाळी वर केली आणि ओरडली, ‘आई!’ भेकर हवेतच वळलं. ते वळलं तेव्हा तिला दिसलं, त्याच्या मागे गुडघाभर उंचीचं, पांढऱ्या ठिपक्यांचं आणखी एक होतं. तेही वळलं. दोघं परत गवतात, धुराकडे. मोठं कुठून तरी निसटलं, कारण पुढे तीन दिवस ओढ्यापलीकडून ते भुंकत होतं, कुत्र्यासारखं, भर उन्हातसुद्धा. ‘वाट तर मोकळी व्हती,’ बाया पाण्यावर म्हणत, ‘आडलं कशाला?’ आबांनी ऐनाखाली पडलेली तिची हिरवी डहाळी तेवढी उचलून आणली होती आणि न बोलता दाराशी उभी करून ठेवली होती. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी वाटेवर दुसऱ्या घरची पोर बसली.

शुक्रवारी सकाळी गोजरा आली. करावे गावची, आठवड्यातून दोनदा टोपलीतून खाडीची मासळी घेऊन जिना चढायची आणि दारात बसल्यावर निदान घटकाभर उठायची नाही. आज कोळंबी होती आणि बोईट. सुमेधानं सहजच बोलावं तसं गवताचं काढलं. ‘जालतान? जालू दे,’ गोजरा म्हणाली. ‘ह्यो डोंगर आमच्या हातान व्हता तवा ईतभर गवत ऱ्हायाचा नाय इथं. कार्तिकात कापून तबेल्याव नेऊन टाकाचो. आता कापाला कोन हाय? कंपाउंड घातलाव ना.’ मग जरा वेळ ती कोळंबी वेचत राहिली आणि खाली बघूनच म्हणाली, ‘का गो बाय, कोल्ह्याचा भ्याव वाटतं तुला?’ सुमेधा म्हणाली, नाही. ‘भियाचा नाय. बिचारा चिंबोऱ्या खावाला खाडीन येतं. माजा आजा त्याला बगून मासलीचा जाला टाकाचा.’ मग तिनं मान वर केली. तिची नजर सुमेधाच्या चेहऱ्यावरून मागच्या गॅलरीतल्या पाटाकडे गेली आणि परत आली. ‘पिल्ला हान?’ तिनं अगदी हळू विचारलं. सुमेधाला स्वतःला कळलं नाही, ती मान हलवून हो म्हणाली होती. गोजरानं ‘च्च’ केलं, आणखी मूठभर कोळंबी वाटीत टाकली आणि उठता उठता म्हणाली, ‘मंग बोल ना त्या सायबाला. तोंड हाय ना तुला?’

तोंड होतं. शनिवारी संध्याकाळी ती रेग्यांच्या घरी जायला निघाली तेव्हा जयप्रकाशला तिच्याबरोबर जावंच लागलं, कारण त्याची बायको एकटी सेक्रेटरीकडे जाते हे त्याला बरं दिसेना. जिन्यात त्यानं विचारलं, ‘पण बोलायचंय काय?’ ती म्हणाली, ‘गवताचं.’ रेगे लुंगीवर पेपर वाचत बसले होते. ‘या, या. बंडूशेठ काय म्हणतायत?’ त्यांची बायको मीना सरबत आणायला आत गेली. सुमेधानं बंडूला मांडीवर नीट बसवलं आणि ती म्हणाली, ‘चार वाजता पेटवू नका.’

‘अहो वहिनी, चार म्हणजे परफेक्ट टाइम. लोक झोपून उठलेले. टीव्हीवरच्या सहाच्या सिनेमाच्या आत सगळं क्लिअर.’

‘दुपारनंतर वारा खाडीवरून डोंगरावर चढतो. खालून पेटवलंत तर आग धावत वर जाईल. कुणाच्या हातात राहणार नाही. वर पाडा आहे.’

‘पाडा? वर कोण राहतंय?’

‘आहेत पाच-सहा घरं. संध्याकाळी एक दिवा दिसतो.’ तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो कापत नव्हता. तो नुसता तिच्या ओळखीचा राहिला नव्हता. ‘सकाळी आठला लावा. वरच्या अंगानं. आधी पाड्याखालचा पट्टा झाडून घ्यायचा, चांगला चार हात रुंद. मग तिला चालवत चालवत खाली आणता येते. आणि नाल्याकडची बाजू पेटवायचीच नाही.’

रेग्यांनी चष्मा काढला. ‘वहिनी, तुम्ही फॉरेस्टात होता की काय?’ ते हसले, जयप्रकाशही हसला. ‘बरं, वरून, सकाळी, ते ठीक. तुमच्या बोलण्यात पॉइंट आहे. पण नाल्याची बाजू का नाही?’

इथे ती थांबली. पिल्लं आहेत म्हणून, असं म्हटलं असतं तर उद्या आठ वाजता तिथे काठ्या घेऊन दहा माणसं उभी राहिली असती. ‘आमच्याकडे तशी पद्धत आहे,’ ती म्हणाली. ‘एक बाजू ठेवतात.’

‘तुमच्याकडे म्हणजे, पुण्यात?’

जयप्रकाश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. ‘पुण्यात नाही,’ सुमेधा म्हणाली. ‘दांडवाडीला. वर डोंगरात आहे. आमचं घरही गवताचंच होतं. म्हणून माहीत आहे.’

‘अय्या, खरंच गवताचं?’ मीना सरबताचे पेले घेऊन दारात उभी होती. ‘मग पाऊस नाही यायचा आत?’

‘यायचा,’ सुमेधा म्हणाली आणि तिला एकदम हसू फुटलं, मीनालाही फुटलं. मग त्या दोघीच हसत राहिल्या. बंडूही हात नाचवायला लागला. परत येताना मात्र जयप्रकाश एक जिना पुढे चालत होता. कुलूप काढताना तो म्हणाला, ‘पुणे जिल्हा म्हटलं असतंस तरी चाललं असतं.’ तिनं उत्तर दिलं नाही. हे गप्प बसणं नेहमीचं नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं, कारण जेवताना त्यानं दोनदा विनाकारण कालच्या कोळंबीचं कौतुक केलं.

रविवारी सकाळी वॉचमन पंढरी, दोन मजूर आणि सोसायटीतले सात-आठ जण बादल्या, पोती, झाडांच्या फांद्या घेऊन वर गेले. पंढरी बीडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. त्यानं पाड्याखालचा पट्टा स्वतः उकिडवा बसून कुदळीनं साफ केला, पाड्यातली दोन माणसं न बोलावता खाली येऊन त्याच्या शेजारी कामाला लागली, आणि मग वरच्या अंगाला धुराची एक बारीक दोरी उठली. गॅलरीतून तिनं पाहिलं. वारा खालीच येत होता. सगळं नीट चाललं होतं, आणि ती आत जाऊन गॅसवरच्या आधणात तांदूळ टाकणार होती. तेवढ्यात तिला रेगे दिसले. पांढरा शर्ट, डोक्याला रुमाल, हातात काठी, काठीच्या टोकाला रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा. ते नाल्याच्या कडेनं चालत होते, घड्याळ बघत. त्यांच्या चालण्यात काही वाईट हेतू नव्हता. माणसाला उकडायला लागतं, घरी न्याहारी थांबलेली असते, आणि तीन बाजू लागल्याच आहेत तर चौथीही लावून टाकली की लवकर उरकेल असं वाटतं. एवढंसंच कारण. टोपल्याएवढ्या सावलीइतकं.

बंडूला काखोटीला मारून ती जिना कशी उतरली हे तिला आठवत नाही. गॅस बंद केला की नाही तेही नाही. मागच्या फाटकातून ती गवतात आली तेव्हा तडतड ऐकू येत होती आणि आईच्या पदराचा वास यावा तसा तो धूर नाकाला लागला. पाइप उजव्या हाताला, नाला डाव्या हाताला, मध्ये वाट. तिघांतला एक पाइप मात्र सरकून वाटेच्या मधोमध आडवा आलेला होता आणि त्याची सावली गार, निळसर पडलेली होती. तिनं सावलीकडे पाहिलं आणि ती ओलांडून पुढे गेली. कडेला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तापलेले दगड होते. त्यावर ती बसली. बंडूच्या डोक्यावरून पदर घेतला.

‘वहिनी! अहो, इथे काय करताय? उठा, उठा, इथे लावायचंय.’

तिनं मान हलवली. नाही.

‘अहो, बाळ आहे बरोबर! जरा ऐका.’

तिनं ओठांवर बोट ठेवलं. रेग्यांच्या हातातल्या बोळ्यातून रॉकेलचा एक थेंब खाली पडला. बंडूला धुरानं खोकला आला, त्याचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडा झाला. आता तो रडणार आणि अख्खा डोंगर ऐकणार. काही ठरवण्याच्या आत तिची बोटं ब्लाउजच्या हुकांवर गेली. भर दिवसा, उघड्यावर, सेक्रेटरीच्या समोर, पदराआड तिनं बंडूला छातीशी घेतलं, आणि त्यानं एक हुंदका देऊन तोंड लावलं. रेग्यांनी गर्रकन पाठ फिरवली. कानापर्यंत लाल झाले. ‘सॉरी, सॉरी,’ असं काहीतरी पुटपुटत ते बोळा हातात तसाच धरून बिल्डिंगकडे निघून गेले, आणि जाता जाता त्यांनी दोन पोरांना दटावलं, ‘तिकडे कुणी जायचं नाही, कळलं?’ सुमेधाला वाटलं, आबांनी हे पाहायला हवं होतं. वाट राखायला माणूस बसवतात तो असा.

मग कुणी नव्हतं. बंडूचे घोट तेवढे ऐकू येत होते. पाली आल्या. एक घोरपड आली, घाईत नसल्यासारखी. तिचे पाय भाजत होते. तिनं ते हलवले नाहीत. मधल्या पाइपाच्या तोंडाशी कोल्हीण उभी राहिली, नाक वर. तोंडात काहीतरी लोंबत होतं. ती चार पावलं आली आणि तिनं सुमेधाकडे पाहिलं. कोल्हिणीचे डोळे काही मोठे नव्हते, पिवळे, बारीक, दमलेल्या बाईचे असावेत तसे. अंगातलं सगळं दूध एकदम उतरून आल्यासारखं झालं; बंडूला ठसका लागला, तिनं त्याला घट्ट धरलं, आणि घशापर्यंत आलेला तो जुना शब्द गिळला. कोल्हीण समोरून गेली. तिच्या पोटाखालचे सड काळे झालेले दिसत होते. नाला ओलांडून पलीकडच्या करवंदीत शिरली आणि लगेच रिकाम्या तोंडानं परत आली. एक. मग दुसरं नेलं. आग खाली येत होती, पण चालत येत होती, पंढरी आणि पाड्यातली माणसं तिला दोन्ही कडांनी डहाळ्यांनी हाकत होती. तिसरं नेलं तेव्हा धूर पाइपांवर आलेला होता आणि कोल्हीण तिच्या इतकी जवळून पळाली की तिला जळक्या केसांचा वास आला. ती परत आली, धुरात शिरली. आणि मग धुराशिवाय काही दिसलं नाही.

नाल्याच्या ओलीपाशी येऊन आग आपण होऊन विझली, तशी ती विझणार होती. पाड्याला झळ लागली नव्हती. लांबून टाळ्या वाजल्या, कुणीतरी पंढरीला शाबासकी दिली, मीनाच्या हसण्याचा आवाज आला, मग माणसं पांगली. जेवणवेळ झाली होती. काळ्या जमिनीवर तिन्ही पाइप तेवढे पांढरे दिसत होते. बंडू मांडीवर झोपून गेला होता, त्याच्या गालावर जळक्या गवताची एक काडी येऊन पडली होती. तिनं ती फुंकरीनं उडवली, हात न लावता.

जयप्रकाश राखेतून उड्या मारत आला. इस्त्रीचा पायजमा, त्याच्या काठाला काळं लागलेलं. रेग्यांनी त्याला काय सांगितलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते सगळं तो बोलणार होता. पण जवळ आल्यावर त्यानं तिचे पाय पाहिले, लाल झालेले. ‘चल गं,’ तो म्हणाला. ‘संपलं सगळं.’

‘अजून एक यायचंय,’ ती हळूच म्हणाली.

‘कोण?’

तिनं पाइपाकडे बोट केलं. त्यानं तिकडे पाहिलं, मग नाल्यापलीकडच्या करवंदीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याला कळलं की नाही, तिला सांगता आलं नसतं. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला, इकडे तिकडे पाहिलं, आणि आडव्या पाइपाची गार सावली बघून तिच्यात जाऊन बसला, वाटेच्या बरोबर मधोमध. बोलायला त्यानं तोंड उघडलं. सुमेधानं ओठांवर बोट ठेवलं. मग हात लांब करून त्याच्या शर्टाची बाही धरली आणि त्याला आपल्याकडे, कडेच्या दगडांवर, उन्हात ओढून घेतलं.